म्हशीला घातलेली तीस पिसं

आमच्या घरात सहा जनावरं आहेत आणि गोठा नाही. मोहोपाड्याच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, म्हैस, कासव, घुबड, मुंगूस, वटवाघूळ आणि बेडूक राहतात. ती राहू शकतात, कारण ती माझ्या मुलीच्या खेळाच्या यंत्रात राहतात. खेळात त्यांना लांबलचक परदेशी नावं आहेत. पण बायकोने पहिल्याच दिवशी पडद्यात डोकावून "ही म्हस का गं?" असं विचारलं, आणि त्या शिंगवाल्या काळ्या राक्षसिणीचं बारसं झालं. मग बाकीच्यांनाही घरचीच नावं मिळाली. हल्ली स्वयंपाकघरातून हाक येते ती अशी: "जनावरं बांध आता, नि जेवाय ये गं!"

मुलगी चोवीस वर्षांची. पनवेलला एका लॅबमध्ये नोकरी करते आणि उरलेल्या वेळात राक्षस झुंजवते. प्रत्येक खेळाडूकडे सहा राक्षस असतात. समोरच्याचे सहा बघून आपल्या सहांतले चार निवडायचे. मैदानात एका वेळी दोन्हीकडून दोन-दोन उतरतात. ज्याचा वेग जास्त, त्याचा फटका आधी बसतो. चारही पडले की हरलात. या खेळाच्या स्पर्धा होतात, माणसं लांबून येतात, हे मला कळलं तेव्हा मी एका वाक्यात निकाल दिला होता: "रिकामटेकड्यांचे धंदे." हे वाक्य मी टीव्हीवर एकच सामना तिसऱ्यांदा बघत असताना म्हणालो होतो, असं मुलीचं म्हणणं आहे.

माझं मत बदललं ते कबड्डीमुळे. एकदा ती फोनवर कुणाला तरी समजावत होती, "अरे, सहा बलवान घेतले म्हणजे टीम होत नाही. एक आत घुसून मारणारा पाहिजे, एक मार खाऊन उभा राहणारा, एक दुसऱ्याला अडवून धरणारा." मी पेपर खाली ठेवला. हे तर मी आमच्या गावच्या मैदानावर, खालापूरच्या अलीकडे, पंधरा वर्षं ऐकत आलो होतो! चढाईवाला, कोपरा, मधली साखळी. सात चढाईवाले घेऊन उतरलात तर पहिल्या पाच मिनिटांत अंगण रिकामं.

आता मी कबड्डी खेळायचो म्हणजे काय, तर आठवा होतो. संघ सात जणांचा असतो. आमचे गुरुजी प्रेमळ होते. ते म्हणायचे, "पोरा, तुझी पकड चांगली हाय रं. पन तुझा हात येईस्तवर चढाईवाला घरी जाऊन जेवतो." त्यामुळे मी बाहेर बसून सातही जणांच्या चपला सांभाळल्या. पण बाहेर बसणाऱ्याला संघाचा तोल फार चांगला दिसतो, एवढं मात्र खरं.

तर मी मुलीचा सरावाचा गडी झालो. तिने मला जुनं यंत्र दिलं, सहा राक्षस दिले, आणि रोज संध्याकाळी, कारखान्यात माझी पहिली पाळी असेल तेव्हा, ती मला हरवायला लागली. वर्षभर हरलो. पण हरता हरता आकडे पाठ झाले. कोण किती मंद, कोण किती चपळ, कुणाचा फटका कुणाला झेपतो, हे मला पाढ्यांसारखं येऊ लागलं. ती संघात काही बदल करायची तेव्हा मला विचारायची. "पप्पा, कासव काढून दुसरं घेऊ का?" मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "कोपरा उघडा पडेल." आणि ती कासव ठेवायची. कारखान्यात पंचवीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं.

आदल्या वर्षी कर्जतच्या स्पर्धेत ती तिसरी आली होती. पहिले दोन पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जातात. तिसऱ्याला टाळ्या मिळतात. त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच होतं. "या वर्षी मला पुण्याला जायचंय." त्यासाठी तिने संघ मोडून पुन्हा बांधला. सुटीचे दिवस त्यात घातले, मैत्रिणींची दोन लग्नं चुकवली.

या नव्या संघातली एकच गोष्ट मला डाचत होती. म्हैस.

म्हशीचा फटका सगळ्यांत जड. लागला की समोरचा आडवा. पण लागणार कधी? सरावात दर वेळी आधी बाकीचे तिघे मारून घ्यायचे, मग ही मान वर करायची. अर्धा मार खाऊन झाल्यावर. "अगं, तुझी म्हैस फार मंद आहे," मी म्हणायचो. "असू दे," ती म्हणायची. पुढे काही सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती, कारण मला हरवायला मंद म्हैससुद्धा पुरत होती. मला मात्र तिची दया यायची. मंद माणसाला मंद जनावराची येते तशी.

स्पर्धा रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि मुलीला लॅबमध्ये उशीर होणार होता. सकाळी निघताना तिने स्वतःचं यंत्र, जुनं नव्हे, खरं, माझ्या हातात दिलं. पहिल्यांदाच.

"पप्पा, मुंगसाचा वेग वाढवायचाय. खेळातल्या पिशवीत पिसं आहेत. एक पीस घातलं की वेग एकाने वाढतो. पोट भरलं की ते खायचं थांबतं. तेवढं करून ठेवाल?"

"ठेवीन की."

मी चहाचा कप बाजूला ठेवून पंगतीला बसलो. मुंगसाने चाळीस पिसं खाल्ली आणि तोंड फिरवलं. पिशवीत तीस उरली. मी यादी वर सरकवली. म्हैस. वेग: तळाला. एक पीससुद्धा कधी कुणी घातलेलं नव्हतं. एका पानात चाळीस वाढायची आणि शेजारच्या पानात काहीच नाही, हे मला बघवेना. मी म्हशीला पीस घातलं. तिने आनंदाने शेपूट हलवली. मग दुसरं घातलं. तीसच्या तीस घातली. सांगायचं नाही, असं ठरवलं. रविवारी म्हैस झटकन फटका मारेल, मुलगी चकित होईल, आणि मग मी हळूच सांगेन की तुझ्या बापाने केलं. मनातल्या मनात मी त्या वाक्याची तालीमसुद्धा केली.

तिने फक्त मुंगसाचा वेग तपासून यादी पाठवली, आणि शनिवारी संध्याकाळी सातला संघाची यादी बंद झाली. एकदा यादी आयोजकांकडे गेली की संघ जसा आहे तसा गोठतो. पीस नाही, फळ नाही, काही नाही. साडेआठला आम्ही जेवायला बसलो. मुलगी खुशीत होती. आईने सहज विचारलं, "मग उद्या कोन मारनार सगल्यांना? वाटवाघूळ?"

"म्हैस," मुलगी म्हणाली.

"ती? ती तं हलत पन नाय."

"म्हणूनच तर." तिने आमटीची वाटी पुढे ओढली. "ही म्हैस. हे घुबड." घुबड म्हणजे लोणच्याची बरणी. "घुबडाकडे एक डाव आहे, पप्पांशी खेळताना कधी काढला नाही. त्याने पंख फिरवले की चार पाळ्या सगळं उलटं होतं. जो सगळ्यांत मंद, तो सगळ्यांत आधी मारतो. म्हणून मी म्हशीला वर्षभर एक पीस घातलं नाही. तिच्याहून मंद कर्जतमध्ये कुणाकडे नसणार. अख्खी टीम तिच्याभोवती बांधलीय."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी ताटात परत ठेवला.

"काय झालं? जेवत नाय ते?" बायको म्हणाली.

"जेवतोय."

आमच्या कारखान्यात पाळी बदलताना एक रीत आहे. पुढच्या पाळीचा माणूस आला की त्याला नुसतं 'सगळं ठीक' म्हणून घरी जायचं नसतं. त्याला घेऊन फिरायचं. ज्या व्हॉल्व्हला आपण पाळीत हात लावला असेल त्यावर त्याच्यासमोर पुन्हा हात ठेवायचा आणि सांगायचं: हा मी फिरवला, एवढा फिरवला. याला चार्ज देणं म्हणतात. कागदावर लिहिलेलं वेगळं, हात ठेवून दाखवलेलं वेगळं. पंचवीस वर्षांत मी एकदाही चार्ज न देता गेट ओलांडलेलं नाही. आणि त्या रात्री मी ताट धुऊन, दात घासून, मुलीला "झोप लवकर" म्हणून, चार्ज न देता झोपायला गेलो. यादी तर बंद झालीये, आता सांगून काय होणार, तिची झोप मात्र जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत पटली नाही, पण सकाळपर्यंत पुरली.

सकाळी गाडी काढली. मुलगी शेजारी बसून आकडे पुटपुटत होती. दांड फाट्याला मी घसा साफ केला आणि म्हणालो, "टायरमधली हवा बघायला पाहिजे." लोधिवलीला पुन्हा तोंड उघडलं आणि तिच्या आईच्या मावशीची तब्येत कशी आहे, याची चौकशी केली. ती म्हणाली, "मला काय माहीत, पप्पा?" चौकला मी गाडी बाजूला घेतली. आता सांगायचंच.

"बोला ना," ती म्हणाली.

"चहा घेऊया?"

"उशीर होईल. तुम्हाला टेन्शन आलंय का?" आणि हसून तिने माझ्या हातावर थोपटलं. मी गिअर टाकला आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला घेतली.

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. खाली कालच्या लग्नाच्या खुर्च्या रचत होते. वर सोळा खेळाडू, आठ टेबलं, भिंतीवर एक मोठा पडदा आणि कान किटवणारे पंखे. पाच फेऱ्या, एखादी हरलं तरी पाचही खेळायच्या. बघ्यांनी खेळाडूशी बोलायचं नाही, असं एक मुलगा माईकवरून दर पाच मिनिटांनी सांगत होता. त्यामुळे मला अधिकृतपणे गप्प बसायची सोय झाली.

पहिल्या फेरीत तिने म्हैस काढलीच नाही. वटवाघूळ आणि मुंगसाने काम उरकलं. मला वाटलं, असंच होईल. पाचही फेऱ्यांत म्हैस गोठ्यात बसेल आणि घरी गेल्यावर मी निवांत सांगेन.

दुसऱ्या फेरीला खोपोलीचा एक दाढीवाला समोर आला. त्याच्याकडे दगडी पाठीचा एक गेंडा होता, भयानक जड आणि भयानक मंद. त्याला बघून माझी मुलगी किंचित हसली, ते मला चार रांगांवरून दिसलं. तिने घुबड आणि म्हैस उतरवली. घुबडाने पंख फिरवले. मोठ्या पडद्यावर मैदान जांभळं झालं. आता सगळ्यांत मंद तो आधी मारणार. मुलीने यंत्र टेबलावर ठेवून हात मांडीवर घेतले, काम झाल्यासारखे.

गेंडा आधी हलला.

म्हैस उभी राहिली होती तिथेच कोसळली. हॉलमध्ये कुणीतरी "अरे!" म्हणालं. मुलीने यंत्र उचललं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा यंत्राकडे बघितलं. मग ती वळली आणि रांगांमधून तिची नजर सरळ माझ्यावर आली. तिला शोधावं लागलं नाही. तिच्या यंत्राला हात लावलेला माणूस जगात एकच होता.

ती फेरी ती हरली. मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी होती. ती बाहेर जिन्यावर आली. मी आधीच तिथे उभा होतो, डबा हातात धरून, जणू डबा बघून ती विसरेल.

"म्हशीला कोणी हात लावला?"

"मी."

"कधी?"

"गुरुवारी."

"किती?"

"तीस. पिसं उरली होती, मला वाटलं..."

"काल जेवताना तुम्हाला कळलं होतं."

तो प्रश्न नव्हता. मी मान हलवली.

"पप्पा, काल सांगितलं असतं तर मी रात्री बसून म्हशीशिवाय खेळ मांडला असता. यादी बदलता आली नसती. मला तर बदलता आलं असतं ना?"

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. खाली खुर्च्या आपटत होत्या.

"आणखी कुणाला हात लावलाय?"

"नाही. बेडकाला फक्त बघितलं."

"नुसतं बघितलं?"

"नुसतं."

तिने डोळे मिटले, उघडले, आणि पिशवीतून वही काढून पायरीवर बसली. म्हशीचा नवा वेग लिहिला. "आता ही धड ना मंद, धड ना चपळ. हिच्यापेक्षा मंद कोण कोण? भराभर सांगा."

आणि मी सांगू लागलो. गेंडा. दोन्ही कासवं. चिखलातला तो ओंडका. ती लिहीत गेली, मी सांगत गेलो, मध्येच तिने एक आकडा खोडला, मी म्हणालो, "नाही, तो बरोबर आहे, एकाने कमी," आणि तिने तो परत लिहिला. वर माईकवर नाव पुकारलं. ती उठली. डबा तसाच माझ्या हातात राहिला.

तिसऱ्या फेरीत तिने जे केलं ते बघून मला टाळी वाजवावीशी वाटली आणि मी हात खिशात घातले. घुबड आणि म्हैस उतरवली. समोरच्या मुलीला वाटलं, आता हे पंख फिरवणार, म्हणून तिने स्वतःचे दोन मंद राक्षस आणले. घुबडाने पंख फिरवलेच नाहीत. साध्या वेळेत तीस पिसं खाल्लेली म्हैस त्या दोघांच्या आधी पोचली. एक फटका, दोन फटके, खलास. माझ्या मनात एक निर्लज्ज विचार आला: बघा, उपयोग झाला की नाही? मी तो तिथेच चिरडला. चौथ्या फेरीत म्हैस कामाची नव्हती. कासव एकटं शेवटपर्यंत मार खात उभं राहिलं आणि ती कशीबशी जिंकली. तिच्या कपाळावरचा घाम मला पडद्याच्या उजेडात दिसत होता.

शेवटच्या फेरीआधी माईकवाल्याने जाहीर केलं की या टेबलावर जिंकेल तो पुण्याला जाईल. समोर भिवपुरीहून आलेले एक गृहस्थ बसले. माझ्याच वयाचे, चष्मा दोरीने गळ्यात, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी खुर्चीत बसताना माझ्यासारखाच कण्हता आवाज काढला. या वयाचा माणूस खेळून इथवर येतो, आणि मी पिसं घालतो.

त्यांचे सहा राक्षस पडद्यावर आले. मी मनातल्या मनात आकडे मांडले. दोन अगदी तळाचे मंद, दोन वाऱ्यासारखे चपळ. पूर्वीच्या म्हशीसाठी हा संघ म्हणजे ताटात वाढलेलं जेवण होतं. पंख फिरवले की ती सगळ्यांच्या आधी होती. आताची म्हैस उलट्या वेळेत त्यांच्या मंदांच्या मागे, सुलट्या वेळेत चपळांच्या मागे. कुठूनही मागेच.

तिने बराच वेळ यंत्राकडे बघितलं. मग चार निवडले. मुंगूस, वटवाघूळ, कासव, घुबड. म्हैस नाही.

मी आयुष्यात बऱ्याच कबड्ड्या बाहेरून बघितल्या आहेत, पण त्या दहा मिनिटांत माझ्या खुर्चीचा पाय मी इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले. मुंगसाने त्यांचा एक पाडला. त्यांनी वटवाघूळ पाडलं. कासवाने तीन फटके झेलले, चौथ्याला बसलं. मुंगूस गेलं, जाताना एकाला घेऊन गेलं. तिसराही घुबडाने कसाबसा संपवला. शेवटी मैदानात एक घुबड आणि त्यांचा एक मंद ओंडका उरला. ओंडक्यात थोडीशीच धुगधुगी होती. एक जड फटका, बास. पण घुबडाकडे जड फटका नसतो. घुबड दुसऱ्यांसाठी पंख फिरवतं. त्याने टोचा मारला. ओंडका हलला, पडला नाही. मग ओंडक्याने मारलं.

भिवपुरीच्या गृहस्थांनी उभं राहून दोन्ही हात जोडले. मुलीनेही जोडले. ती पाचवी आली.

परत येताना चौकपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हैस असती तर जिंकले असते."

"हो."

मी वाट बघितली. 'पण असू दे' असं काहीतरी पुढे येईल, अशी मला आशा होती. आलं नाही. येऊ नये तेच बरोबर होतं.

घरी दारातच बायकोने विचारलं, "काय झालं?"

"पाचवी."

"म्हंजे?"

"म्हणजे पुणं नाही." मुलगी आत गेली.

मी बूट न काढताच बायकोला सगळं सांगितलं. गुरुवारचं, शनिवारचं, दांड फाट्याच्या हवेचंसुद्धा. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी ना, पोरीला न इचारता तिच्या ताटात वाढाय जाता." आणि गॅस पेटवायला गेली. मी खाली बसून बूट काढले.

आठवडाभर मुलीने माझ्याशी सराव केला नाही. दार लोटून आत कुणा दुसऱ्यांशी खेळायची. मी बाहेर पेपर वाचायचो, एकच पान. पुढच्या गुरुवारी तिलाही सुट्टी होती. दुपारी ती केस धुऊन आली आणि यंत्र माझ्यासमोर ठेवलं.

"म्हैस परत खाली आणायचीय. ही कडू फळं. एक घातलं की एक पीस उतरतं. प्रत्येक फळ घालायच्या आधी मला सांगायचं, किती उरलीत. मी घाला म्हटल्यावर घालायचं."

"एकेक?"

"एकेक."

ती माझ्याकडे पाठ करून केस पुसायला लागली.

"तीस," मी म्हणालो.

"घाला."

म्हशीने तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

"एकोणतीस."

"घाला."

असं करत आम्ही सतरावर आलो तेव्हा लॅबमधून तिला फोन आला. ती बोलत बोलत गॅलरीत गेली. बराच वेळ आली नाही. फळ पडद्यावर तयार होतं, म्हशीचं तोंड उघडं होतं, आणि माझा अंगठा बटणाच्या वर बोटभर अंतरावर थांबलेला. बायको आतून येऊन म्हणाली, "हात अवघडला नाय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. अवघडला होता.

मुलगी फोन ठेवून आत आली. तिने आधी माझ्या अंगठ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"सतरा," मी म्हणालो.

"घाला."